हवाई टॅक्सीच्या क्षेत्रात करिअर: बडोद्याच्या मुलामुलींचे नेहमीचे प्रश्न

दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या खोलीत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मुलं जमतात. कोणी बारावी सायन्सचं, कोणी आयटीआयचं, कोणी नुसतंच आईनं पाठवलेलं. मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे इथल्या सरकारी औद्योगिक वसाहतीत, बारा वर्षं मोटर वाइंडिंग केलं आणि आता विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे, म्हणून विमानाचं काही असलं की मुलं माझ्याकडे येतात. अलीकडे एकच विषय फिरून फिरून निघतो: हवाई टॅक्सी. दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून ते प्रश्न आणि माझी उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

हवाई टॅक्सी म्हणजे नक्की काय? मोठा ड्रोन की छोटं हेलिकॉप्टर?

दोन्हीतलं थोडं थोडं, पण खरं तर तिसरंच. विजेवर चालणारं, जागच्या जागी सरळ वर उठणारं आणि तसंच खाली उतरणारं हे विमान आहे. या धंद्यातले लोक त्याला ईव्हीटॉल म्हणतात. हेलिकॉप्टरला डोक्यावर एक मोठा पंखा आणि तो फिरवायला एक-दोन इंजिनं असतात. इथे बरेच छोटे पंखे असतात आणि प्रत्येकाला आपली मोटर. अमेरिकेतल्या जोबी कंपनीच्या विमानाला सहा पंखे आहेत. उठताना ते आकाशाकडे तोंड करतात, वर गेल्यावर पुढे झुकतात आणि मग विमान बाजूच्या, न फिरणाऱ्या पंखांच्या आधारानं सरळ जातं. त्यात एक पायलट आणि चार प्रवासी बसतात, वेग ताशी सुमारे ३२० किलोमीटरपर्यंत. आर्चर कंपनीच्या मिडनाइटला बारा पंखे आहेत, त्यातले पुढचे सहा झुकतात आणि मागचे सहा फक्त उठता-उतरताना फिरतात. चीनच्या ईहँगनं तर पायलटच काढून टाकला. त्यांच्या दोन आसनी विमानाला ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनच्या विमान वाहतूक खात्यानं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या विमानाची रचना सुरक्षित असल्याचा दाखला, दिलं. या प्रकारच्या विमानाला मिळालेलं जगातलं ते पहिलं.

इतके पंखे कशाला? एक मोटर बंद पडली तरी बाकीच्यांनी विमान सांभाळून खाली आणावं म्हणून. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं सोपं जातं, कारण या क्षेत्रातलं जवळजवळ प्रत्येक काम याच प्रश्नापाशी येऊन थांबतं: हा भाग बिघडला तर काय होईल?

काका, मी अकरावीत आहे. माझं शिक्षण होईपर्यंत भारतात हवाई टॅक्सी सुरू होईल का?

हे लिहितो आहे त्या घडीला आपल्या देशात प्रवासी घेऊन नियमित उडणारी एकही इलेक्ट्रिक हवाई टॅक्सी नाही. इंडिगोच्या मागे असलेल्या इंटरग्लोबनं नोव्हेंबर २०२३ मध्ये आर्चरबरोबर करार जाहीर केला, तेव्हा दिल्लीच्या कॅनॉट प्लेसपासून गुरुग्रामपर्यंत सात मिनिटांत आणि २०२६ पासून, असं ठरलं होतं. चेन्नईत आयआयटी मद्रासमधून निघालेली ई-प्लेन कंपनी आहे. बंगळुरूच्या सरला एव्हिएशननं जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात ‘शून्य’ नावाचं आपलं विमान मांडलं. सरकारी बाजूनं डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्यानं, २०२४ मध्ये अशी विमानं जिथून उठतील-उतरतील त्या जागांसाठी, म्हणजे व्हर्टिपोर्टसाठी, मार्गदर्शक नियम काढले. १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

म्हणजे हालचाल खरी आहे. पण विमानाच्या धंद्यात जाहीर झालेल्या तारखेवर लग्नाचा मुहूर्त धरायचा नसतो. आपल्या जवळचंच बघ. केवडियाहून अहमदाबादच्या साबरमती रिव्हरफ्रंटपर्यंत सीप्लेन ३१ ऑक्टोबर २०२० ला मोठ्या थाटात सुरू झालं. आमच्या वाड्यातली चार माणसं तिकिटाची चौकशी करून आली होती. २०२१ मध्ये ते बंद पडलं. तुझं शिक्षण अशा एका तारखेला बांधू नकोस.

मग जे काम अजून नाहीच, त्यासाठी आत्तापासून शिकायचं कशाला?

शिकायचं ते हवाई टॅक्सीसाठी नाही. ती ज्या कामांची मिळून बनते ती कामं शिकायची. मोटर, बॅटरी, वायरिंग, कार्बन फायबरचे भाग, सॉफ्टवेअरची चाचणी, देखभाल, तपासणी. यातलं एकही काम टॅक्सीवर अडून बसलेलं नाही. यातली बरीचशी बडोद्यात आज, या महिन्यात चालू आहेत.

हे मी मुलांना बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. २८ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या शहरात टाटा आणि एअरबसच्या सी-२९५ विमानांच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला. लष्करी विमान पुरतं जुळवून बाहेर काढणारी खासगी क्षेत्रातली देशातली ही पहिली लाइन. हवाई दलाच्या ५६ विमानांपैकी १६ स्पेनमध्ये तयार झाली, ४० इथे जुळायची. जवळच्या सावली गावात अल्स्टॉम कंपनीत मेट्रोचे आणि दिल्ली-मेरठ मार्गाच्या गाड्यांचे डबे बनतात. माणेजाला रेल्वेच्या मोटरी आणि त्यांना वीज मोजून देणारी यंत्रणा. ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरसाठी तर बडोदा देशभर ओळखलं जातं. मकरपुऱ्यात १९७४ पासून ‘एर्डा’ ही विजेच्या उपकरणांची चाचणी करणारी संस्था उभी आहे. रेल्वेची मोटर आणि हवाई टॅक्सीची मोटर या सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी आहेत. वजन, थंड ठेवण्याची रीत आणि कागदपत्रं बदलतात, पण तांब्याची तार आणि चुंबक तेच.

पायलट सोडून यात नोकऱ्या असतात तरी कोणत्या?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुतेक वेळा असं दिसतं की आपण उडवणार नाही म्हणजे आपल्याला यात जागा नाही. प्रत्यक्षात एका विमानामागे जमिनीवर कितीतरी माणसं लागतात.

बॅटरीपासून सुरू करू, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं आहे. चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये एका किलोला साधारण २५० वॅट-तास ऊर्जा मावते. विमानाच्या इंधनात एका किलोला सुमारे १२,०००. मोटर इंजिनापेक्षा बरीच काटकसरी असते, त्यामुळे ही दरी थोडी कमी होते, पण भरून निघत नाही. त्यातून उभं वर उठताना बॅटरीतून एकदम प्रचंड ओढ लागते, सेल तापतात, आणि एक सेल पेटला तर शेजारच्याला घेऊन पेटतो. हे होऊ नये म्हणून सेल निवडणारा, त्यांच्यामध्ये उष्णता अडवणारे थर बसवणारा, प्रत्येक सेलचं तापमान आणि व्होल्टेज मोजणारं सर्किट बनवणारा, आणि पॅक मुद्दाम तापवून, ठोकून, बुडवून बघणारा अशी माणसं लागतात. केमिस्ट्री आवडणाऱ्या मुलामुलींनी हे वाक्य पुन्हा वाचावं. फार्मा आणि पेट्रोकेमिकलच्या पलीकडेही तुमच्यासाठी दार आहे.

मग मोटर आणि तिला वीज देणारा इन्व्हर्टर. मग सांगाडा, तो बहुतेक कार्बन फायबरचा. मग उड्डाण सांभाळणारं सॉफ्टवेअर. इथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापेक्षा तो तपासणारे जास्त लागतात. विमानाच्या सॉफ्टवेअरला डीओ-१७८सी नावाची शिस्त पाळावी लागते. प्रोग्रॅममधली प्रत्येक ओळ कोणत्या गरजेसाठी लिहिली आणि ती कोणत्या चाचणीनं तपासली, याचा माग दाखवता आला पाहिजे. कॉम्प्युटरवाल्या मुलांना हे आधी कंटाळवाणं वाटतं. पण ज्याला हे जमतं त्याला विमानात, रेल्वे सिग्नलमध्ये, वैद्यकीय उपकरणांत, कुठेही काम आहे.

जमिनीवरची कामं वेगळीच. व्हर्टिपोर्टवर चार्जिंग, आग विझवण्याची तयारी, प्रवाशांना सुरक्षित चढवणं-उतरवणं. शहरावरच्या आकाशात कोण कुठून जाईल हे ठरवणं. आजचं एटीसीचं, म्हणजे विमानतळावरून विमानांना वाट दाखवण्याचं, काम त्याच्या सगळ्यात जवळचं आहे. एअरपोर्ट अथॉरिटीची ज्युनिअर एक्झिक्युटिव्हची परीक्षा फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी केलेल्यालाही देता येते, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं.

मी तरसाळी आयटीआयला आहे. इंजिनिअर नसलेल्याला यात घेतात का?

घेतात. आणि विमान हातानंच बनतं, हे आधी ध्यानात घे.

कार्बन फायबरचा भाग कसा बनतो ते सांगतो. रेझिन, म्हणजे तापल्यावर घट्ट होणारी राळ, आधीच भरलेलं काळं कापड गुंडाळ्यांत येतं आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवतात. बाहेर काढलं की त्याचं घड्याळ सुरू होतं. ते किती तास बाहेर राहिलं याची नोंद गुंडाळीबरोबर फिरते, ठरलेली मुदत संपली की ते कापड विमानाच्या कामाचं राहत नाही. स्वच्छ खोलीत, हातमोजे घालून, साच्यावर एकेक थर लावतात. एक थर सरळ, एक ४५ अंशांत, एक आडवा, जसं नकाशात दिलं असेल तसं. प्रत्येक थराच्या पाठीला पातळ प्लॅस्टिकचा कागद असतो, तो सोलून काढायचा. सोललेले कागद फेकायचे नाहीत, मोजून ठेवायचे. बावीस थर लावले तर बावीस कागद हातात दिसले पाहिजेत. एकवीस निघाले तर एक आत राहिला, आणि तो भाग भट्टीत गेला की बाहेरून बघून कोणाला काही कळणार नाही.

आमच्याकडे हे काम उत्तम करणारी एक मुलगी आहे, गोरव्याच्या आयटीआयची. ती कागद मोजते तेव्हा ओठ हलतात, आणि कोणी मध्ये बोललं तर पुन्हा पहिल्यापासून मोजते. तिला कोणी घाई करत नाही. मॅनेजरसुद्धा नाही.

फिटर, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, मशिनिस्ट या ट्रेडच्या मुलांना इथे जागा आहे. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप कर, स्टायपेंड कमी वाटला तरी कर, आणि जमेल तेव्हा एनडीटीचं, म्हणजे वस्तू न फोडता आतला दोष शोधायचं शिक्षण घे. अल्ट्रासॉनिक, डाय पेनिट्रंट, एक्स-रे. त्यात लेव्हल दोन झालेला माणूस रिकामा बसलेला मी पाहिला नाही. विमानाच्या भागांना तो लागतो, रिफायनरीच्या पाइपांना लागतो, बॉयलरला लागतो. बडोद्यात या तिन्ही गोष्टी आहेत.

क्वालिटीचं काम म्हणजे नुसतं टिक करणं, असं माझा भाऊ म्हणतो.

तुझ्या भावाला माझी एक गोष्ट सांग. विमानाच्या कामात मी नवा होतो तेव्हाची. एका जोडणीचे आठ बोल्ट होते, टॉर्क पाना लावून ठरलेल्या ताकदीनं आवळायचे आणि प्रत्येकापुढे सही करायची. मी आठही आवळले, मला अगदी आठवत होतं. सह्या सातच झाल्या, मध्ये चहा आला होता. संध्याकाळी तपासणाऱ्यानं विचारलं, आठवा? मी म्हटलं, आवळलाय साहेब, सही आत्ता करतो. वाइंडिंगच्या कामात वीस वेळा तसं चालून गेलं असतं. ते म्हणाले, सही नाही म्हणजे काम झालेलं नाही. आठही बोल्ट सोडवायला लावले, नवे बोल्ट मागवले आणि पुन्हा पहिल्यापासून. रात्री साडेनऊला घरी गेलो. रागवले नाहीत, पगार कापला नाही. पण त्या दिवशी मला विमान कळलं.

एखाद्या चुकीनं अख्खं विमान जाणार असेल, तर ती अब्ज उड्डाण-तासांत एकदाही होऊ नये अशा हिशेबानं नियम लिहिलेले आहेत. युरोपनं प्रवासी हवाई टॅक्सीलाही मोठ्या विमानाचीच ही कसोटी लावली आहे. तो आकडा खाली येऊन माझ्या आठव्या सहीत उतरतो. म्हणून मुलांना मी सांगतो, चूक झाली तर लगेच, स्वतःहून सांगा. या क्षेत्रात चूक सांगणाऱ्याला सांभाळतात, लपवणाऱ्याला नाही.

डिप्लोमा की डिग्री? आणि डिग्री असेल तर एरोनॉटिकलच का?

दहावीनंतर हात चांगला चालत असेल आणि घरची ओढाताण असेल तर डिप्लोमा. मग नोकरी करत किंवा दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेऊन डिग्री. हा रस्ता आपल्याकडे कमी लेखतात, तसं करू नये.

डिग्रीत एरोनॉटिकलच हवं असं मुळीच नाही. इलेक्ट्रिक विमानाला इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, मेटलर्जी, केमिकल सगळे लागतात. वीस वर्षांचा विचार केला तर इलेक्ट्रिकल घेऊन पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये खोल जाणं मला सगळ्यात भक्कम वाटतं. आपल्या एमएस युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनातून वाढलेली आहे. हातानं करायचं काम आणि पुस्तकी विद्या एकाच छपराखाली असावी, म्हणून त्यांनी ते काढलं होतं. तिथल्या इलेक्ट्रिकल मशिन्सच्या प्रयोगशाळेत तीन तास घालवून आलेला मुलगा लगेच ओळखू येतो. बडोद्यातच लालबागला गती शक्ती विश्वविद्यालय आहे, २०२२ मध्ये ते केंद्रीय विद्यापीठ झालं आणि वाहतूक हाच त्याचा विषय आहे. एअरबसनं त्यांच्याशी करार केलेला आहे. जेईई मेन देणाऱ्यांनी ते नाव यादीत ठेवावं.

एएमई म्हणजे काय? त्याची जाहिरात सगळीकडे दिसते.

एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर. विमान उडायला योग्य आहे असं सही करून सांगणारा माणूस. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. शिक्षण आणि कारखान्यातला अनुभव मिळून साधारण चार वर्षं धरा. यांत्रिक बाजूला बी-१ आणि विजेच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूला बी-२ अशी लायसन्सं असतात. हवाई टॅक्सीत इंजिन नाही आणि सगळं विजेवर आहे, तेव्हा बी-२ कडे ओढा असलेल्यांनी आनंद मानावा.

जाहिरात बघताना एकच गोष्ट तपासा. लायसन्स देतं डीजीसीए, संस्था नाही. संस्थेला सीएआर-१४७ ची, म्हणजे देखभालीचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांच्या नियमाखालची, मान्यता आहे का, आणि कोणत्या प्रकारासाठी आहे, हे डीजीसीएच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघा. फलकावर लिहिलेलं धरू नका.

मला उडवायचंच आहे. काय करू?

तर मग आजचाच रस्ता धर, सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचा परवाना. वय १८ पूर्ण, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, वैद्यकीय तपासणी, डीजीसीएच्या लेखी परीक्षा आणि २०० तास उड्डाण. खर्च मात्र फार मोठा आहे, पन्नास लाखांच्या घरात आणि कधी त्याच्याही वर. घर गहाण टाकून करायची ही गोष्ट नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा विमानांच्या पायलटांसाठी वेगळे नियम काढले. हेलिकॉप्टर आल्यानंतर, म्हणजे १९४० च्या दशकानंतर, नागरी विमानांचा पहिला नवा वर्ग. तिथेही पायलट होणाऱ्याकडे मूळ व्यावसायिक परवाना लागतोच. म्हणजे ‘थेट हवाई टॅक्सीचा पायलट’ असा जवळचा रस्ता कुठेही नाही. आणि एक अगदी घरगुती सल्ला: एक रुपया फी भरायच्या आधी डोळे आणि रंगदृष्टी तपासून घे. लाल-हिरव्याची गल्लत असलेला एक गुणी मुलगा मी पाहिला आहे, त्याला ते फी भरल्यावर कळलं.

ड्रोन पायलटचा कोर्स केला तर पुढे उपयोग होईल का?

होईल, पण त्याची मर्यादा ओळखून कर. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे वय १८ ते ६५ आणि दहावी पास एवढ्यावर रिमोट पायलट सर्टिफिकेटचं प्रशिक्षण घेता येतं, तेही डीजीसीएनं मान्य केलेल्या केंद्रातच. काही दिवसांचा कोर्स असतो. त्यातून हवाई क्षेत्राचे लाल, पिवळे, हिरवे विभाग कळतात, वाऱ्याचा अंदाज येतो, बॅटरी किती फसवी असते ते कळतं. शेतात फवारणी, जमीन मोजणी, वीजवाहिन्यांची पाहणी अशी कामं आज मिळतात. आणि दुरुस्ती शीक. शहरात ड्रोन उडवणारे पुष्कळ झाले, पडलेला ड्रोन उघडून नीट करणारे शोधावे लागतात.

एका संस्थेनं ‘एअर टॅक्सी पायलट डिप्लोमा’, शंभर टक्के नोकरी, असं सांगितलं आहे. भरू का पैसे?

नाही. हे उत्तर मी मोठ्यानं देतो.

माझ्या बहिणीच्या मुलानं असेच पैसे भरले होते. ताईनं बांगड्या मोडून दिलेले. वर्गात प्रोजेक्टरवर परदेशी कंपन्यांचे व्हिडिओ दाखवले, एकदा एका मैदानावर खेळण्यातला ड्रोन उडवला, आणि सहा महिन्यांनी जाड सोनेरी अक्षरांचं प्रमाणपत्र दिलं. त्यावर कोणत्याही सरकारी खात्याचं नाव नव्हतं. परत मागायला गेलो तर अर्जातली बारीक अक्षरं दाखवली. भाचा दोन महिने घरात कोणाशी धड बोलला नाही. त्याला वाटत होतं चूक त्याची. चूक त्याची नव्हती, आम्ही मोठ्यांनी डीजीसीएची यादी बघितली नाही. आज तो वायर हार्नेस, म्हणजे तारांचे जुडगे, बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे, तारेच्या टोकाला जोड दाबून बसवायचं काम, क्रिम्पिंग, इतकं स्वच्छ करतो की नव्या मुलांना त्याच्याजवळ बसवतात.

जो परवाना अजून देशात कोणाला मिळालेला नाही, त्याचा डिप्लोमा कोण देणार?

मुलीला या लाइनला घालू का? शिफ्ट असते, कारखाना असतो.

घाला हो ताई. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीनं उडवलं. बंगळुरूच्या त्या सरला एव्हिएशनला नाव त्यांचंच दिलं आहे. भारतात पायलटांमध्ये बायकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगात फार कमी देशांत इतकं असतं. वायरिंग, थर लावणं, तपासणी यात मुली मागे नाहीतच. शिफ्टचं मात्र खरं आहे. नोकरी स्वीकारताना कंपनीची बस कुठून सुटते, रात्री घरापर्यंत सोडतात का, हे मुलाखतीतच विचारायला सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मी कॉमर्सला आहे.

विमा, भाडेपट्टा, सुट्या भागांची खरेदी, आयात-निर्यातीची कागदपत्रं. सुटा भाग कुठून आला याचा दाखला नसेल तर तो विमानात बसत नाही, तेव्हा स्टोअर आणि खरेदी सांभाळणारा माणूस इथे फार महत्त्वाचा असतो. लॉजिस्टिक्स शीक.

कंपनीच बुडाली तर?

बुडतात. जर्मनीच्या लिलियमनं ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, डिसेंबरमध्ये व्होलोकॉप्टरनं. दोन्ही नावाजलेल्या होत्या. विमान प्रमाणित होईपर्यंत वर्षानुवर्षं नुसता खर्च असतो, विक्री शून्य. मधे गुंतवणूकदारानं हात आखडता घेतला की संपलं.

म्हणून अशा नव्या कंपनीत जाताना स्वतःला विचार: ही उद्या बंद झाली तर माझ्या हातात काय उरेल? बॅटरी पॅकची चाचणी शिकलो असेन तर मला ई-बसवाला घेईल. कार्बन फायबर शिकलो असेन तर पवनचक्कीची पाती बनवणारा घेईल. नुसतं ओळखपत्र आणि टी-शर्ट उरणार असेल तर जाऊ नकोस. पहिली तीन-चार वर्षं जुन्या, शिस्तीच्या कारखान्यात काढून मग नव्या कंपनीत उडी मारावी, असं मला वाटतं. आमच्यातले काही जण याच्या उलट म्हणतात, तरुणपणीच धोका घ्यावा म्हणून. घरी दुसरा पगार येत असेल तर त्यांचंही बरोबर आहे.

बडोदा सोडावं लागेल का?

विमानाच्या डिझाइनसाठी बहुतेक हो. ते काम बंगळुरू, चेन्नई, हैदराबादला जास्त आहे. जुळणी, विजेची यंत्रणा, चाचणी यासाठी इथे राहूनही पुष्कळ करता येतं. आणि आपल्या मुलांना एक गोष्ट न मागता मिळालेली असते: घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, कामावर हिंदी. शॉप फ्लोअरवर तिन्ही भाषांत काम समजावून सांगणारा मुलगा दोन वर्षांत सुपरवायझरच्या नजरेत येतो.

माझं इंग्रजी कच्चं आहे.

बोलण्याचं नंतर येईल. वाचण्याचं आत्ता पक्कं कर. विमानाची सगळी मॅन्युअल इंग्रजीत असतात, पण भाषा सोपी असते, ठरावीक शब्द, छोटी वाक्यं. मुद्दाम तशी लिहिलेली असतात, जगभरच्या कामगारांना कळावीत म्हणून. रोज एक पान मोठ्यानं वाच आणि आईला मराठीत समजावून सांग. तिला कळलं तर तुला कळलं.

या सुट्टीत काय करू? आणि रविवारी येताना काय आणू?

घरातला बंद पडलेला टेबल फॅन किंवा मिक्सर उघड. प्लग काढून, घरच्या मोठ्यांना सांगून. उघडताना प्रत्येक स्क्रू कुठून निघाला ते वहीत लिही, चित्र काढ, स्क्रू मोजून वाटीत ठेव. दोष सापडला तर काय सापडला ते लिही, नाही सापडला तर तेही लिही. मग परत जुळव. शेवटी वाटीत एकही स्क्रू उरता कामा नये, आणि उरला तर तो वहीतल्या कोणत्या ओळीतला ते सापडलं पाहिजे.

मार्कशीट आणायची गरज नाही. ती वही घेऊन ये.